उताऱ्यातील मध्यवर्ती कल्पना नेमकी ओळखावी कशी?

शेवंती (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी यंदा दहावीत असून तिची प्रथम भाषा मराठी आहे. तिच्या कृतिपत्रिकेत पत्रलेखनाला पर्याय म्हणून सारांशलेखन येते. त्यात दिलेल्या अपठित उताऱ्याचा एक तृतीयांश एवढा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहावा लागतो. पत्र लिहिण्याचा तिला कंटाळा, म्हणून तिने सारांशाची वाट धरली आणि तिथेच तिचे गाडे अडले आहे. तिचे वाचन कमी आहे असे मला म्हणता येणार नाही, कारण घरात येणारे दिवाळी अंक ती माझ्याआधी वाचून संपवते. मात्र वाचून झाल्यावर ‘यात लेखकाला काय सांगायचे आहे?’ असे विचारले, की ती एकतर पहिले वाक्य म्हणून दाखवते किंवा तिला आवडलेली एखादी गंमत सांगते. ‘मधले मधले गाळ आणि मुख्य तेवढे ठेव’ असे तिला वर्गात सांगितले गेले आहे. परंतु मुख्य कोणते हेच कळत नसेल तर गाळायचे काय, हा तिचा प्रश्न मला रास्त वाटतो.

सरावासाठी मी स्वतःच एक उतारा लिहून काढला. माहेर रत्नागिरीकडचे असल्यामुळे विषय शोधावा लागला नाही. उतारा असा:

‘रत्नागिरी जिल्ह्यात दरवर्षी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात नद्या दुथडी भरून वाहतात, भातखाचरे तुडुंब भरतात आणि विहिरींचे पाणी वाकून हाताने घेता येईल इतके वर येते. पण एप्रिल-मे महिन्यांत याच जिल्ह्यातील अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. या टंचाईचे कारण पावसाच्या प्रमाणात नसून जमिनीच्या घडणीत आहे. सह्याद्रीचा उतार तीव्र आणि समुद्र जवळ असल्यामुळे नद्या आखूड असून पडलेले पाणी थोड्याच वेळात खाडीला मिळते. जे पाणी मुरते तेही सच्छिद्र जांभ्यातून झिरपून पावसाळ्यानंतर काही महिन्यांतच निघून जाते. म्हणूनच पावसाळा सरताच गावकरी ओढ्यांवर मातीने भरलेल्या पोत्यांचे वनराई बंधारे घालून वाहते पाणी अडवतात.’

या सात वाक्यांपैकी पाच वाक्यांखाली तिने पेन्सिलीने रेघा ओढल्या आणि विहिरीच्या वाक्याखाली तर दोनदा ओढल्या. मध्यवर्ती कल्पना म्हणून तिने आधी ‘कोकणातील पाऊस’ असे लिहिले. मी मान हलवल्यावर ते खोडून पहिले वाक्य जसेच्या तसे उतरवले. उत्तर मला ठाऊक आहे, पण ते मला कशावरून कळले हे तिला समजावता येत नाही. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

खडू-फळा

शेवंतीताई, मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले आणि आपल्या मुलीने केलेल्या या दोन्ही चुका मी इतक्या वह्यांत पाहिल्या आहेत, की त्या वाचताना मला घरी आल्यासारखे वाटले. दोन्ही चुका निरनिराळ्या जातीच्या आहेत, म्हणून त्यांवरचा उपायही वेगवेगळा आहे.

‘कोकणातील पाऊस’ हा विषय झाला. उतारा कशाबद्दल आहे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे विषय; आणि त्या विषयाबद्दल लेखक काय म्हणतो, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे मध्यवर्ती कल्पना. मुलांना हा भेद व्याख्येने समजत नाही, क्रियापदाने समजतो. मी वर्गात नियमच घातला होता, की ज्या उत्तराच्या शेवटी क्रियापद नाही ते उत्तर मी वाचणार नाही. ‘कोकणातील पाऊस’ यापुढे काहीतरी घडले पाहिजे: पाऊस कमी होतो आहे, पाऊस टिकत नाही, पाऊस आवडतो. क्रियापद लिहायची वेळ आली की मुलाला परत उताऱ्यात जावेच लागते आणि निम्मे काम तेथेच होते.

दुसरी चूक पहिल्या वाक्यावर भरवसा ठेवण्याची. पाठ्यपुस्तकातील माहितीपर परिच्छेदांत मुख्य विधान पुष्कळदा आरंभीच असते, त्यामुळे मुलांना तशी सवय लागते. आपल्या उताऱ्यात मात्र पहिली दोन वाक्ये ही तयारी आहे. लेखक वाचकाला एका बाजूला नेऊन ठेवतो आणि तिसऱ्या वाक्यातील ‘पण’ने त्याला वळवतो. ‘पण’, ‘मात्र’, ‘तरीही’ आणि ‘वास्तविक’ हे शब्द आले, की त्यांच्या आधीचा मजकूर सहसा पार्श्वभूमी असतो आणि लेखकाचे स्वतःचे म्हणणे नंतर येते. ‘सहसा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे, कारण येथे पाहा, ‘पण’ला लागून आलेले टँकरचे वाक्यही मध्यवर्ती नाही. त्या वाक्याने केवळ कोडे उभे राहते, आणि कोड्याचे उत्तर चौथ्या वाक्यात आहे.

हे मुलीला दाखवून कसे द्यावे? एका कोऱ्या कागदावर उताऱ्याची वंशावळ काढायला सांगा. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: तू कोणाचे? पाचवे वाक्य, म्हणजे उताराचे आणि आखूड नद्यांचे, ‘जमिनीच्या घडणीत म्हणजे नेमके कशात?’ याचे उत्तर देते, म्हणून ते चौथ्याचे अपत्य आहे. जांभ्याचे सहावे वाक्यही त्याचेच धाकटे भावंड आहे. सातवे वाक्य ‘म्हणूनच’ने सुरू होते, तेव्हा ते पाचव्या-सहाव्यांतून निघालेला परिणाम ठरते. विहिरीचे वाक्य हे पहिल्या वाक्याचे पोर आहे. ‘भरपूर पाऊस’ म्हणजे किती, ते तेथे डोळ्यांना दिसते. आता पहिले वाक्य कोणाचे, असे विचारा. ते तिसऱ्याच्या जोडीला येऊन चौथ्या वाक्यातील ‘नसून’ या शब्दाला अर्थ देते. सगळी माणसे ज्याच्यापाशी जाऊन पोहोचतात तो घरातील कर्ता, आणि येथे तो चौथ्या ओळीत बसला आहे.

या वंशावळीचा एक फायदा असा, की ‘गाळायचे काय’ हा आपल्या मुलीचा प्रश्न आपोआप सुटतो. सारांश लिहिताना कर्ता ठेवायचा, त्याची मुले ठेवायची आणि नातवंडांना बहुतेक वेळा निरोप द्यायचा. विहिरीचे वाक्य कितीही देखणे असले तरी ते दुसऱ्या पिढीतील आहे. तिने त्याखाली दोनदा रेघ ओढली याचे मला मुळीच वाईट वाटत नाही, कारण ते वाक्य लक्षात राहावे म्हणूनच आपण लिहिले आहे. लक्षात राहणारे ते मुख्य, अशी समजूत करून घेण्याची चूक मोठी माणसेही व्याख्यान ऐकून घरी आल्यावर करतात.

आणि पहिल्या वाचनाच्या वेळी पेन्सिल हातातून काढून घ्या. शेवट वाचल्याशिवाय कोणते वाक्य कोणाचे हे कळणे शक्य नसते, त्यामुळे पहिल्या वाचनातील रेघा या केवळ ‘मला हे समजले’ अशा खुणा असतात.

रात्रपाळी

मी दैनिकाच्या डेस्कवर काम करतो, म्हणून सरांच्या विवेचनाला एका वेगळ्या बाजूची जोड देतो. मुख्य मुद्दा कोठे सापडेल हे लेखनाच्या प्रकारावर अवलंबून असते आणि हे मुलांना कोणी फारसे सांगत नाही.

बातमीचा पहिला परिच्छेद, ज्याला आम्ही इंट्रो म्हणतो, त्यात काय घडले, कोठे, केव्हा, कोणाच्या बाबतीत हे येऊन जाते आणि पुढील तपशील उतरत्या महत्त्वाने रचलेले असतात. याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. रात्री अकराला जाहिरात आली आणि जागा कमी पडली, की बातमी खालून कापायची असते; शेवटचे दोन परिच्छेद गेले तरी बातमी मरता कामा नये. आपल्या मुलीला रोज एक स्थानिक बातमी द्या आणि कागदाने खालून झाकत वर जायला सांगा. कोणत्या ओळीपाशी बातमी कळेनाशी होते ते ती स्वतःच सांगेल. पूरक तपशील आणि मुख्य मुद्दा यांतील फरक हाताला कळण्याचा यापेक्षा सोपा मार्ग मला माहीत नाही.

हाच प्रयोग अग्रलेखावर मात्र करू नये. अग्रलेखाचा लेखक पुष्कळदा समोरच्याची बाजू आधी मांडतो, ती खोडतो आणि स्वतःचे मत शेवटच्या परिच्छेदात ठेवतो. तेथे खालून कापले तर कर्ताच कापला जातो. आपला रत्नागिरीचा उतारा या दोहोंच्या मधला आहे.

दुसरा सराव मथळ्याचा. उताऱ्याला सहा शब्दांच्या आत मथळा द्यायला सांगा, पण अट अशी, की तो मथळा दुसऱ्या कोणत्याही उताऱ्याला चालता कामा नये. ‘कोकणातील पाणीप्रश्न’ हा मथळा शंभर लेखांना चालेल. ‘पाऊस भरपूर, पण जमीन पाणी धरेना’ हा याच उताऱ्याचा आहे.

शेवंती

दोघांचेही मनापासून आभार. वंशावळीचा प्रयोग तिला इतका आवडला, की तिने टँकरच्या वाक्याला ‘सावत्र’ ठरवले आणि त्यावरून आमचा अर्धा तास वाद झाला. दोन दिवसांनी तिने लिहिलेला सारांश असा: ‘रत्नागिरी जिल्ह्यात भरपूर पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाणीटंचाई जाणवते, कारण तीव्र उतारामुळे पाणी लगेच समुद्राकडे वाहते आणि मुरलेले पाणी जांभ्यातून झिरपून जाते, म्हणून गावकरी ओढ्यांवर तात्पुरते बंधारे घालतात.’ मूळ उतारा ८८ शब्दांचा आहे आणि हे २७ शब्द झाले.

तथापि नवी अडचण उभी राहिली आहे. ललित उताऱ्यात असा कर्ता सापडतच नाही. तिला दिलेल्या दुसऱ्या उताऱ्यातील काही ओळी देते. त्याही मीच लिहिल्या आहेत.

‘पहाटे उठल्यावर आजोबा पाचही खोल्यांची दारे उघडतात. राहतात ते एकटेच आणि झोपतात ओटीवर. तरी दिवसभर पाचही दारे उघडी असतात आणि दिवेलागणीला ती एकेक करून लावली जातात. श्रावण लागला की दारे कुरकुरू नयेत म्हणून ते बिजागऱ्यांना खोबरेल घालतात. मधल्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीच्या खुणा केलेल्या आहेत. गेल्या वर्षी घराला रंग दिला, तेव्हा तेवढी चौकट त्यांनी रंगाऱ्याला सोडायला लावली.’

तिने मध्यवर्ती कल्पना लिहिली: ‘आजोबा घराची चांगली निगा राखतात.’ हे चूक आहे असे मला वाटते, परंतु तिने विचारले की ‘दुसरे काही उताऱ्यात लिहिले आहे का?’, आणि लिहिलेले तर खरोखरच नाही.

पोथीशाळा

या प्रश्नावर आपल्याकडे फार पूर्वीपासून विचार झालेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. एखाद्या ग्रंथाचे किंवा प्रकरणाचे तात्पर्य कसे ठरवावे यासाठी मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांचा, एक जुना श्लोक आहे:

‘उपक्रमोपसंहारावभ्यासोऽपूर्वता फलम् । अर्थवादोपपत्ती च लिङ्गं तात्पर्यनिर्णये ॥’

उपक्रम आणि उपसंहार म्हणजे आरंभ आणि शेवट, अभ्यास म्हणजे पुनःपुन्हा केलेला उच्चार, अपूर्वता म्हणजे नवेपणा, फल, अर्थवाद म्हणजे स्तुती-दृष्टान्तादी प्रासंगिक मजकूर आणि उपपत्ती म्हणजे युक्तिवाद ही तात्पर्य ओळखण्याची चिन्हे होत. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या आरंभीच्या प्रकरणात हाच श्लोक पुढे ठेवून गीतेचे तात्पर्य तपासले आहे. गीतेच्या आरंभी अर्जुन लढायला नकार देतो आणि अठराव्या अध्यायात ‘करिष्ये वचनं तव’ म्हणून उभा राहतो. तेव्हा मधला सगळा उपदेश कर्म सोडायला सांगणारा कसा असेल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. दुसरीकडे अद्वैत वेदान्ताच्या परंपरेत हीच चिन्हे छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायाला लावतात आणि तेथे नऊ वेळा येणारे ‘तत्त्वमसि’ हे अभ्यासाचे, म्हणजे पुनरुक्तीचे, उदाहरण म्हणून दाखवतात.

आता आपल्या पहिल्या उताऱ्याकडे पाहा. मला त्यात सर्वांत उपयोगी चिन्ह वाटते ते ‘अपूर्वता’. वाचकाला अन्य मार्गाने आधीच ठाऊक असलेली गोष्ट सांगण्यासाठी कोणी ग्रंथ लिहीत नाही. कोकणात पाऊस पडतो हे कोणाला माहीत नाही? म्हणून ते वाक्य पहिले असले तरी तात्पर्य होऊ शकत नाही. टंचाई जमिनीच्या घडणीमुळे होते, हे नवे आहे. विहिरीचे पाणी हाताने घेता येणे हा अर्थवाद, उतार आणि जांभा ही उपपत्ती. उपक्रमात पाणी ‘पडते’ आणि उपसंहारात ते ‘अडवतात’, एवढी दोन क्रियापदे शेजारी ठेवली तरी उताऱ्याची दिशा कळते.

दुसऱ्या उताऱ्यात विधान नाही, म्हणून तेथे अपूर्वतेऐवजी अभ्यासाकडे पाहावे. काय पुन्हा पुन्हा येते? दारे. उघडलेली, लावलेली, तेल घातलेली आणि शेवटी रंग न दिलेली चौकट. मग मुलीचे उत्तर या प्रत्येक तपशिलाला लावून पाहायचे. निगा राखणारा माणूस बिजागऱ्यांना तेल घालेल, हे पटते. पण निगा राखणारा माणूस चौकट रंगवल्याशिवाय सोडील का? कोणी राहत नसलेल्या खोल्यांची दारे रोज उघडील का? आणि तेल घालायला श्रावणच कशासाठी? श्रावणानंतर भाद्रपद येतो, भाद्रपदात गणपती येतात आणि गणपतीला मुंबईची माणसे गावी येतात. आजोबा वाट पाहत आहेत, हे एकदा मनात धरले की एकही तपशील बाहेर लोंबकळत राहत नाही. जी कल्पना काही तपशिलांना पोटात घेते आणि काहींना दाराबाहेर ठेवते, ती अपुरी समजावी. मुलीचे उत्तर मी चूक म्हणणार नाही. ते अपुरे आहे, आणि अपुरे कोठे आहे हे बोट ठेवून दाखवता येते.

खडू-फळा

पोथीशाळा यांचे विवेचन मला आवडले, तरी एक सावधगिरीची सूचना करतो. मीमांसेची सगळी चिन्हे दहावीच्या मुलीपुढे मांडली तर ती चिन्हेच पाठ करील आणि उतारा बाजूला राहील; असे होताना मी पाहिले आहे. त्यांतील अपूर्वता तेवढी साध्या भाषेत द्यावी: ‘हे वाचण्यापूर्वी तुला काय माहीत नव्हते?’ माहितीपर उताऱ्याला हा प्रश्न हमखास लागू पडतो. ललित उताऱ्यासाठी तपशील एकेक करून लावून पाहण्याची कसोटी मात्र मी आमच्या शाळेतील जुन्या सहकाऱ्यांनाही कळवणार आहे, कारण ‘लेखकाला काय सुचवायचे आहे’ असे विचारून आम्ही मुलांना अंदाज करायला सोडून देत असू आणि अंदाज चुकला की गुण कापत असू.

सारांशाबद्दल राहिलेले एक. मुलीने पहिल्या उताऱ्यात बंधाऱ्याचे वाक्य ठेवले ते योग्य केले. तो परिणाम आहे आणि लेखकाने तो शेवटी ठेवला आहे, म्हणजे त्याला तो सांगायचा आहे. शब्दमर्यादा याहून कमी असती तर मी ‘तात्पुरते’ हा शब्द आधी काढला असता आणि ‘ओढ्यांवर’ त्यानंतर. बंधारा ठेवला असता.

शेवंती

आजच्या संध्याकाळचे कळवते. चौकट का रंगवली नाही, एवढाच प्रश्न मी तिला विचारला आणि गप्प बसले. तिने उतारा पुन्हा वाचला, ‘उंचीच्या खुणा कोणाच्या?’ असे मलाच विचारले आणि मी उत्तर दिले नाही. मग तिने आधीचे वाक्य न खोडता त्याच्याखाली लिहिले: ‘मुले-नातवंडे परत येतील म्हणून आजोबांनी घर होते तसेच ठेवले आहे.’ त्यानंतर तिने निगा राखण्याचे वाक्य बाण काढून याच्या खाली जोडले आणि बाजूला लिहिले, ‘हे याचे पोर’.

तेलाचा तपशील मात्र तिच्या गळी उतरलेला नाही. खोबरेल घातले तर मुंग्या लागतील, असे तिचे म्हणणे आहे, आणि त्याचा मध्यवर्ती कल्पनेशी काही संबंध नाही हे ती मान्य करते.